बिरूचा ठोका

"साहेब, गेटवर एक बाई आल्यात. बरोबर लहान मुलगी आहे. म्हणतात, पोरीचा भाऊ आत आहे, त्याला ओवाळायचंय."

गेटवरून तांबोळीचाचांचा फोन होता. भाऊबीज, सकाळचे साडेदहा. आमच्या संस्थेच्या चारमजली इमारतीत त्या दिवशी माणसं मोजून दोन होती, गेटवर चाचा आणि तिसऱ्या मजल्यावर मी. बाईंचा पत्ता चुकलाय अशी चाचांची खात्री होती. माझी मात्र नव्हती.

"म्हसवडच्या आहेत का?" मी विचारलं.

पलीकडे काहीतरी बोलणं झालं. "हो, म्हसवडच्याच. शालन वीरकर म्हणून. काय सांगू?"

'लॅब बंद आहे, साहेब गावाला गेलेत' एवढं सांगा म्हटलं असतं, तर चाचांनी बिनबोभाट सांगितलं असतं. त्या वाक्याचा मी नंतरच्या बारा वर्षांत किती वेळा विचार केला असेल, ते माझं मलाच ठाऊक. पण त्या क्षणी तोंडातून निघालं ते असं, "बसवा त्यांना. मी येतो खाली."

खाली जायला मला दहा मिनिटं लागली, कारण मी जिन्यातच बसलो होतो. का बसलो होतो ते कळायला आधीचं थोडं सांगायला हवं.

आमचं काम असं, की माणसाचं चमचाभर रक्त घ्यायचं आणि त्यातल्या काही पेशींना मागे न्यायचं. इतकं मागे, की त्या आईच्या पोटातल्या गर्भाच्या पेशींसारख्या कोऱ्या व्हाव्यात. यांना स्टेम सेल म्हणतात. कोऱ्या पेशींना मग हवं ते वळण लावता येतं. आम्ही हृदयाचं लावत होतो. सगळं जमून आलं, तर प्लॅस्टिकच्या बशीत तिळाएवढे ठिपके तयार होतात आणि एके दिवशी आपले आपण धडधडायला लागतात. ज्याचं रक्त, त्याचाच ठोका. त्याच्या हृदयात जे बिघडलेलं असेल, ते बशीतही बिघडलेलं असतं. त्यावर औषधं घालून पाहायची.

या पेशींना सणवार कळत नाहीत. त्यांचं लालसर पोषकद्रव वेळच्या वेळी बदलावं लागतं. लॅबमध्ये आम्ही त्याला 'जेवण घालणं' म्हणायचो. दिवाळी असो की दसरा, कुणीतरी येऊन जेवण घालायलाच हवं. ते कुणीतरी म्हणजे मी. सुट्ट्यांच्या पाळ्या लावताना कुणी मला विचारतही नसे. "तुझं काय बाबा, सडाफटिंग!" असं म्हणत लोक माझ्या नावापुढे खूण करायचे आणि मीही हसायचो. आई-वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. भाऊ-बहीण नाही. लग्न राहूनच गेलं, म्हणजे आधी प्रबंध पुरा होऊ दे म्हटलं, मग कायमची नोकरी लागू दे म्हटलं आणि मग कुणी विचारेनासंच झालं. सणाच्या दिवशी खोलीवर बसून शेजारच्या घरातली भांड्यांची खडखड ऐकण्यापेक्षा लॅब बरी वाटायची. पेशींना तरी माझी गरज असायची.

तुलनेसाठी एका निरोगी माणसाचं रक्त हवं असतं, तेही माझंच होतं. बाकीच्यांच्या घरून परवानगी मिळेना. कुणाची बायको नको म्हणाली, कुणाच्या आईला वाटलं, आपल्या मुलाचे तुकडे बशीत वाढवणार. मला घरी विचारायचं असं कुणी नव्हतंच. त्यामुळे जुन्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे पेशी उबेत ठेवायच्या कपाटात, माझं हृदय धडधडत होतं आणि नव्यात बिरूच्या पेशी होत्या.

बिरू म्हणजे बिरदेव वीरकर. वय चौदा. पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात तो चैत्रात दाखल झाला, तेव्हा मी त्याचं रक्त घ्यायला गेलो होतो. बाप मेंढरांमागे पळताना बत्तिसाव्या वर्षी पडला तो उठलाच नाही. आजोबांचंही तसंच झालेलं. घराण्यातून आलेला दोष होता, हृदयाच्या ठोक्यांची लय अचानक बिघडायची. बिरूला होता आणि तपासल्यावर त्याच्या नऊ वर्षांच्या बहिणीला, पूनमलाही निघाला. दोघांना रोज गोळ्या सुरू झाल्या.

पोरगा मोठा चौकस होता. रक्त घेताना त्याने मला सुईबद्दल नाही, बशीबद्दल विचारलं.

"म्हंजी माझं काळीज तितं बशीत वाजनार?"

"वाजणार."

"मला दिसंल?"

"दिसेल की. सूक्ष्मदर्शकातून."

"कवा?"

"दिवाळीपर्यंत," मी ठोकून दिलं.

आई कॉटच्या पायाशी उभी होती. "बगा हं साहेब," ती म्हणाली, "ह्यो ध्यानात ठिवतो. मला दिवाळीला घिऊन चल म्हनून डोस्कं खाईल."

पूनमचंही रक्त हवं होतं. आमच्या प्रमुख कर्णिक मॅडमनी तसं मुद्दाम सांगितलं होतं. पण शालनने साफ नाही म्हटलं. एकाचं घेतलंत तेवढं पुरे, पोरीच्या अंगाला सुई लावायची नाही. मी आग्रह केला नाही.

श्रावणात बिरू गेला. जत्रेत कुस्ती लागली होती, ती बघायला गोळी न घेताच पळाला. इस्पितळातून मला कळलं ते तीन आठवड्यांनी. मी शालनला फोन केला. मी नाव सांगितलं. तीच म्हणाली, "त्याचं तुमच्याकडं हाय न्हवं? ते तेवडं जपा." मी म्हटलं, जपतो.

आणि दसऱ्याला मी ते घालवलं.

आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. भल्याभल्या शास्त्रज्ञांच्या लॅबमध्ये होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाहेरच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, निर्जंतुक करायच्या मोठ्या कुकरला झेंडूची माळ, पेढे. फक्त एक नियम होता, तो कुणी मोडत नसे. पेशी जिथे वाढतात त्या आतल्या खोलीत फूल, पान, कुंकू काही न्यायचं नाही. तिथे आम्ही हात स्पिरिटने पुसून, कोट-टोपी-मोजे घालून जातो. हवासुद्धा गाळून आत येते.

त्या दसऱ्याला मी एकटाच होतो. पूजा आदल्या दिवशीच उरकून सगळे घरी गेले होते. सकाळी येताना चाचांनी माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली, "साहेब, सोनं घ्या." मी घेतलं, पण परत द्यायला माझ्याकडे एक पानही नव्हतं. वर आलो. बिरूच्या पेशी फार छान वाढल्या होत्या. आनंद सांगायला कुणी नव्हतं. बाहेरच्या सूक्ष्मदर्शकाला दोन माळा होत्या. त्यातली एक मी उचलली, आत गेलो आणि नव्या इनक्युबेटरच्या मुठीला घातली. म्हटलं, सगळ्या निर्जीव यंत्रांना माळा आणि हे पोरगं तेवढं उपाशी? पाच मिनिटांत भान आलं, माळ काढली, सगळं स्पिरिटने पुसून घेतलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

चौथ्या दिवशी बिरूच्या सगळ्या बश्यांत कापसासारखी बुरशी. त्याच्या पेशींच्या गोठवून ठेवलेल्या दोनच कुप्या होत्या. आणखी गोठवायच्या, त्या सुट्टीनंतर गोठवू म्हणून मी टाळलं होतं. त्या दोन्ही काढून पाहिल्या, एकही जगली नाही. रक्त संपलेलं. देणारा गेलेला. माझ्या पेशी जुन्या इनक्युबेटरमध्ये होत्या म्हणून मजेत होत्या.

माळेचं मी कुणालाच सांगितलं नाही. कर्णिक मॅडमनी परदेशातून फोनवर ऐकून घेतलं, बुरशी कुठेही लागते म्हणाल्या आणि शेवटी म्हणाल्या, "त्या बाईंना पत्र लिही. तांत्रिक कारणाने नमुना टिकला नाही, एवढंच. आणि कुणालाही लॅबमध्ये बोलावू नकोस." पत्राचे मी तीन कच्चे खर्डे केले. चौथा करायच्या आत दिवाळी आली आणि दिवाळीला शालन आली.

जिन्यातून उठून खाली गेलो, तर ती चाचांच्या खुर्चीवर न बसता पायरीवर बसली होती. चैत्रात पाहिली होती, त्यापेक्षा बाई निम्मी झाली होती. पूनमने नवा फ्रॉक घातलेला, हातात जरीच्या रुमालाने झाकलेलं ताट.

"पाटंच्या एष्टीनं निघालो," शालन म्हणाली. "न कळवता आले, रागावू नगा. पर तुमी बिरूला बोलला व्हता, दिवाळीपातूर दिसंल. त्यो न्हाई तर आमी तरी बघावं म्हनलं. आन् हिनं कालपासनं धोशा लावला, दादाला ओवाळायचंय. म्या म्हनलं, चल."

"शालनताई, मी तुम्हाला पत्र..."

"आमच्याकडं कसलं पत्र येतंय! दिसतंय न्हवं त्याचं काळीज?"

चाचा बघत होते. पोरगी ताट सावरत माझ्याकडे बघत होती.

"दिसतंय," मी म्हणालो.

हा शब्द मी विचार करून बोललो नाही. पण तो उच्चारल्यावर मात्र मी जिना चढता चढता पक्का विचार केला. माझी बशी दाखवायची. कुणाचं काय बिघडणार होतं? बशीतल्या ठिपक्यावर नाव थोडंच लिहिलेलं असतं. आई बघेल, बहीण ओवाळेल, दोघी समाधानाने परत जातील. मी इतका सोयीचा हिशेब केला होता की मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला होता.

दोघींना बाहेरच्या खोलीत बसवलं. टेबलावर वह्यांचा ढीग होता तो बाजूला केला. आत गेलो, जुन्या इनक्युबेटरमधून माझी बशी काढली, झाकण घट्ट असल्याची खात्री केली आणि बाहेर आणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. दोन वेळा नीट दिसेना. मग दिसलं. करड्या पाण्यात एक पांढरट ठिपका आणि त्याची ती एकसारखी उघडझाप.

"पूनम, आधी तू ये," मी म्हणालो.

तिला उंच स्टुलावर चढवलं. एक डोळा मिटून, जीभ दाताखाली धरून ती बघायला लागली. पहिल्यांदा म्हणाली, काही दिसत नाही. मग डोळा आणखी जवळ नेला.

"आयं, हलतंय."

"नीट बग."

"दादा हलतोय, आयं!"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

ताटावरचा रुमाल निघाला. निरांजन, सुपारी, हळदकुंकू, अक्षता, झेंडूची दोन फुलं, करंज्या. शालनने पदराच्या आडोशाला निरांजन लावलं. पूनमने सूक्ष्मदर्शकाच्या नळीला कुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत त्या यंत्राभोवती ताट फिरवलं. तीन वेळा. चौथ्यांदाही फिरवणार होती, आईने हात धरला. मग एक करंजी उचलून तिला प्रश्न पडला.

"ह्येला खायला कसं घालायचं?"

"साहेबांजवळ दे. ते घालतील."

ती करंजी मी हातात धरून उभा राहिलो. अडतीस वर्षांत मला कुणी भाऊबीजेची करंजी दिली नव्हती. माझंच हृदय, माझ्याच हातात करंजी आणि मला मात्र तिथून पळून जावंसं वाटत होतं.

पूनम पुन्हा स्टुलावर चढली. "आता हळू हळू करतोय," ती म्हणाली. "दमला जनू."

"बाहेर गार लागतं त्याला," मी म्हणालो. "थोड्या वेळाने आत ठेवू, की पुन्हा जोरात चालेल."

"मग आयं, तू बग पटकन."

शालन उभ्यानेच वाकली. बराच वेळ ती हललीसुद्धा नाही. डोक्यावरचा पदर खाली घसरला, तोही तिने सावरला नाही. पूनम खिडकीशी जाऊन खालचं आवार बघत ताटातली दुसरी करंजी खात होती.

"ह्यो चुकत न्हाई," शालन म्हणाली.

"काय?"

"ठोका. आमच्या बिरूचा चुकायचा. तान्हा व्हता तवापासनं, झोपला की म्या त्याच्या छातीला कान लावायची. त्याचा बाप गेल्यावर तर रोजच. मला म्हाईत हाय त्यो कसा वाजायचा. ह्यो निसता सरळ चाललाय." तिने मान वर केली. चेहरा असा उजळला होता की मी इस्पितळातही तो तसा कधी पाहिला नव्हता. "तुमी बरा केला त्याला!"

मी हातातली करंजी टेबलावर ठेवली.

"काय दिलंत ह्येला? कंचं औषद?" ती आता माझ्यासमोर उभी राहिली. "त्येच पूनमला द्या. रगत घ्या तिचं, किती पायजे तितकं घ्या. म्याच येडी, नगं म्हनून बसले. त्या गोळ्यांनी पोर दिसभर पेंगतीया साहेब. शाळंत बाई वरडत्यात. खेळाय गेली तर दम लागतोय. आज सनाच्या दिशी तरी लेकरू हसतं-खेळतं ऱ्हावं म्हनून सकाळची गोळी म्या दिलीच न्हाई."

"दिली नाही?"

"न्हाई. आन् आता देत बी न्हाई. ह्यो जर बरा झाला, तर ती बी व्हनार. व्हय न्हवं?"

मी वळून पूनमकडे पाहिलं. खिडकीशी पोरगी पाय हलवत उभी होती. गोळी चुकवून कुस्ती बघायला पळालेल्या तिच्या भावाला जाऊन तीनच महिने झाले होते.

"गोळ्या बंद करू नका," मी कसाबसा म्हणालो. "हे... हे औषध अजून तपासायचंय."

"कवापातूर?"

"वेळ लागेल. तोवर गोळ्या चालू ठेवा."

"तपासायचं काय ऱ्हायलं आता?" ती समजुतीने हसली, मी उगाच घाबरतोय असं. "म्या माज्या डोळ्यांनी बगितलं की!"

तेव्हा मला कळलं की मी काय करून ठेवलंय. डॉक्टरांनी दहादा बजावलं असतं तरी या बाईने आता ऐकलं नसतं. तिने पाहिलं होतं. मी दाखवलं होतं.

"शालनताई, बसा जरा."

"काय झालं?"

"तो बिरू नाही."

ती बसली नाही. "म्हंजी?"

"बशीतला. तो बिरू नाही. माझं रक्त आहे ते. मी निरोगी आहे, म्हणून ठोका सरळ आहे. औषध काही सापडलेलं नाही. मी तुम्हाला खोटं दाखवलं."

तिने सूक्ष्मदर्शकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या छातीकडे पाहिलं. मग खूप हळू विचारलं, "आन् आमचा?"

"गेला. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी. बुरशी लागली."

"कशानं?"

इथेही 'तांत्रिक कारणाने' म्हणता आलं असतं. पण आता त्या वाटेने मला एक पाऊलही टाकायचं नव्हतं. मी तिला माळेचं सांगितलं. सुट्टी, रिकामी लॅब, सूक्ष्मदर्शकावरच्या दोन माळा, नियम, मूठ. माळ का घातली तेही सांगितलं. जे कर्णिक मॅडमना सांगितलं नव्हतं, ते सगळं.

शालन टेबलाजवळच्या खुर्चीवर टेकली. ताटातल्या झेंडूच्या फुलांकडे बघत राहिली.

"म्हंजी दोनदा गेला," ती म्हणाली.

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती रडलीही नाही. मीच रडत होतो, खोटं कशाला सांगू. आई गेली तेव्हा मी असा रडलो नव्हतो. तेव्हा चार माणसं होती भोवती, नीट वागावं लागलं होतं. पूनमने वळून आमच्याकडे पाहिलं आणि खायची थांबली.

फुलांवरची नजर काढून शालन म्हणाली, "मग तुमी तरी त्याचा बगितला व्हता का? का त्यो बी न्हाई?"

"बघितला होता."

"वाजला व्हता?"

"दोन दिवस. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुरू झाला. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सुट्टीनंतर सगळ्यांना एकदम दाखवू म्हटलं, चित्रणही तेव्हाच करू म्हटलं. दसऱ्याला मी जेवणही विसरून बघत बसलो होतो. नंतरचे दोन दिवस नुसतं जेवण घालून गेलो. बुरशीची सुरुवात तेव्हाच झालेली असणार, मला ती दिसली नाही."

"चुकत व्हता?"

"हो."

"कसा?" तिचा आवाज बदलला. तिला माझ्यावर विश्वास ठेवायचा नव्हता आणि तिला तो ठेवायचाही होता. "सांगा की, कसा चुकत व्हता?"

मला शब्दांत सांगता येईना. मी बोटाने टेबलावर ठोकलं. तीन सावकाश, सारख्या अंतराने. मग थांबलो. तिथे तो इतका थांबायचा, की बघताना मी श्वास धरून बसायचो. आणि मग दोन एकदम, घाईघाईने, मागे राहिलेलं पोरगं धावत येऊन गाठतं तसे. पुन्हा तीन सावकाश.

शालनचे डोळे मोठे झाले. "थांबू नगा," ती म्हणाली.

मी ठोकत राहिलो. तीन, मग ती लांब गप्प जागा, मग दोन. तिने खुर्ची पुढे ओढली. ताट बाजूला सारलं. आणि वाकून तिने कान टेबलाच्या लाकडाला लावला.

"त्योच," ती म्हणाली. "त्योच हाय."

मी किती वेळ ठोकत होतो ते सांगता येणार नाही. बोट दुखायला लागलं तेव्हा दुसरं घेतलं. तिने डोळे मिटले होते. त्यांतलं पाणी टेबलावर सांडत होतं आणि तिचा हात तिच्या स्वतःच्या नकळत लाकडावरून फिरत होता, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. जगात तो ठोका ओळखणारी माणसं आता दोनच उरली होती आणि ती दोघं त्या टेबलाशी बसली होती. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं आणि इतकं जवळचंही कुणी कधी बसलं नव्हतं.

पूनम जवळ येऊन उभी राहिली. आईच्या खांद्याला हात लावला. "आयं, काय ऐकतीस?"

शालनने मान उचलली, पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "थांबा आता." मी थांबलो.

"त्यो बशीतला दादा न्हाई, बाळा," तिने पोरीला सांगितलं. "दादाचं ऱ्हायलं न्हाई. ते ह्या साहेबांचं काळीज हाय."

पूनमने भुवया चढवून माझ्याकडे पाहिलं. मग सूक्ष्मदर्शकावरच्या कुंकवाकडे पाहिलं.

"मग मगाशी म्या ओवाळलं कुनाला?"

त्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा अधिकार मला नव्हता.

"ओवाळलं ते ओवाळलं," शालन म्हणाली. आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. "ते माघारी घेत न्हाईत."

मग तिने पायाशी ठेवलेली कापडी पिशवी मांडीवर घेतली. आतून औषधाची चुरगळलेली पट्टी काढली, सकाळची गोळी दाबून तळहातावर घेतली आणि पूनमला जवळ ओढलं. पूनमने तोंड वाकडं केलं.

"साहेब," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाईच पानी द्या."